जाझ-पंचक आणि स्वतःचे सूर

आपल्या हिंगोली जिल्ह्यांत भजनाची बैठक ज्यानें एकदांही पाहिली नाहीं असा विद्यार्थी सांपडणें कठीण. नामदेवरायांचें जन्मस्थान म्हणून ज्या गांवाची ख्याति आहे तें नरसी येथून फार दूर नाहीं. औंढ्याच्या देवळामागें बसून नामदेवांनीं भजन केलें व देऊळच त्यांच्याकडे फिरलें, ही कथा तर आपण आजीच्या तोंडून ऐकलेली असते. भजनाच्या बैठकींत बुवा अभंगाचें ध्रुपद एकदां सरळ म्हणतात, मग तेंच फिरवून फिरवून निरनिराळ्या चालींनीं म्हणतात. पखवाजी संधि साधून मध्येंच एखादा तुकडा वाजवितो. पेटीवाला बुवांच्या पाठोपाठ धांवतो. आणि कितीही दूर गेलें तरी सर्व मंडळी पुन्हां ध्रुपदावर एकत्र येतात. कोणाच्याही पुढें कागद नसतो. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं तिच्यांत कांहीं विशेष आहे असें आपणांस वाटतच नाहीं.

दुसरें परिचयाचें दृश्य वरातीचें. बँडपथकांतील ट्रंपेटचा चकचकीत कर्णा, वांकड्या नळीचा सॅक्सोफोन, गळ्यांत अडकविलेला ढोल, आणि समोर नाचणारीं वऱ्हाडी मंडळी. या पथकाची परीक्षा एकच असते. सिनेमांतील गाणें हुबेहूब वाजलें म्हणजे बक्षिसाची नोट बाहेर निघते, आणि एखादा सूर वेगळा लागला तर लोक नाक मुरडतात.

हीं दोन दृश्यें आरंभींच मांडण्याचें कारण असें कीं, ज्या संगीताचा परिचय करून देण्याचा या लेखाचा हेतु आहे, त्याचीं वाद्यें वरातीचीं आहेत, परंतु रीत भजनाची आहे. त्या संगीतास जाझ म्हणतात.

जाझचा उगम अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लीन्स शहरांत, विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास झाला. आफ्रिकेंतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज तें वाजवीत. शेतांत राबतांना म्हटलेलीं गाणीं, देवळांतील उपासनेचीं स्तोत्रें, दुःखाचीं ब्लूज नांवाचीं गीतें, आणि लष्करी बँडचीं पितळी वाद्यें यांच्या मिश्रणांतून तें निर्माण झालें. पुढें त्याचे अनेक प्रकार झाले. त्या सर्वांचा इतिहास येथें सांगूं गेल्यास लेख वाढेल. आपल्याला पांच वादकांच्या मेळापुरतेंच पाहावयाचें आहे. या मेळास इंग्रजींत क्विंटेट म्हणतात. आपण पंचक म्हणूं.

पांच वाद्यें कोणतीं असावींत यास नियम नाहीं. पॅरिस येथें सन १९३४ मध्यें जांगो राइनहार्ट व स्टेफान ग्रापेली यांनीं जें पंचक उभें केलें त्यांत तीन गिटार, एक व्हायोलिन व एक डबल बास अशीं केवळ तंतुवाद्येंच होतीं; आणि राइनहार्ट यांच्या डाव्या हाताचीं दोन बोटें एका आगींत निकामी झालेलीं असून ते गिटार वाजवीत. परंतु सन १९४० नंतरच्या दशकांत चार्ली पार्कर व डिझी गिलेस्पी यांनीं जी मांडणी रूढ केली ती अशी: सॅक्सोफोन, ट्रंपेट, पियानो, डबल बास व ड्रम. पहिलीं दोन गाणारीं, उरलेलीं तीन त्यांना आधार देणारीं. या दोघांनीं ता. १५ मे १९५३ रोजीं कॅनडांतील टोरांटो शहरीं मॅसी हॉलमध्यें इतर तिघां नामांकितांसह केलेला कार्यक्रम आजही जाणते लोक आदरानें ऐकतात. त्या रात्रीं पार्कर यांच्या हातीं प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन होता, आणि त्याच वेळीं मुष्टियुद्धाचा मोठा सामना असल्यामुळें सभागृहांत बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या.

आतां असें पंचक रंगमंचावर बसून एक रचना कशी वाजवितें तें नीट पाहूं, कारण सर्व मर्म त्यांतच आहे.

रचनाकारानें लिहून आणलेला कागद बहुधा एकाच पृष्ठाचा असतो. त्यावर मुख्य चाल, म्हणजे आपलें ध्रुपद, लिहिलेली असते, आणि तिच्या वर कोणत्या ठिकाणीं कोणता स्वरसमूह यावयाचा त्याच्या खुणा असतात. दोनतीन किंवा अधिक स्वर एकाच वेळीं दाबले म्हणजे जो एकत्रित नाद निघतो तो स्वरसमूह, अथवा कॉर्ड. चार मात्रांचा एक गट धरला तर पुष्कळ रचना बत्तीस गटांच्या, म्हणजे १२८ मात्रांच्या असतात. ब्लूज असेल तर बारा गटांत, म्हणजे ४८ मात्रांत एक फेरा पुरा होतो. कागदावर यापलीकडे फारसें कांहीं नसतें. कार्यक्रमांत तीच रचना आठदहा मिनिटें चालते. मग बाकीचें कोठून येतें?

प्रथम सॅक्सोफोन व ट्रंपेट मिळून मुख्य चाल एकदां किंवा दोनदां सरळ वाजवितात. मग एक वादक पुढें होतो. मूळ चाल तो सोडून देतो, परंतु तिच्याखालीं असलेली स्वरसमूहांची माळ सुटत नाहीं. ती फेऱ्यामागून फेरा तशीच फिरत असते, आणि तिच्यावर तो वादक त्याच क्षणीं सुचलेली नवी चाल रचीत जातो. डबल बास वाजविणारा आपल्या उंचीहून मोठें वाद्य उभें धरून बोटांनीं तार छेडतो व बहुधा प्रत्येक मात्रेस एक स्वर देतो. त्यामुळें कोणीतरी ठाम पावलें टाकीत चालला आहे असा भास होतो. ड्रमवाल्याचा उजवा हात मोठ्या झांजेवर, व डावा पाय लहान झांजांच्या जोडीवर असतो. ही जोडी दुसऱ्या व चौथ्या मात्रेस मिटते. पियानोवाला सतत वाजवीत नाहीं. तो ऐकतो, आणि पुढच्या वादकानें श्वास घेतला कीं त्या जागेंत एखादा स्वरसमूह टाकतो. आपला पेटीवाला बुवांना जसा "हूं" म्हणून दुजोरा देतो तसेंच हें.

एकाचें संपलें कीं दुसरा. कित्येकदां शेवटीं ड्रमवाल्याशीं सवालजबाब होतो: चार गट सॅक्सोफोनचे, चार ड्रमचे, पुन्हां चार ट्रंपेटचे, असे. मग मेळाचा नायक तळहातानें आपल्या डोक्यास हलकेच स्पर्श करतो. प्रेक्षकांस वाटतें त्याला खाज सुटली. परंतु ती खूण असते. मुख्य चालीस ते लोक डोकें म्हणतात, आणि डोक्याकडे परत चला असा त्याचा अर्थ. पांचही जण एकाच मात्रेवर ध्रुपदास येऊन मिळतात.

ज्यांनीं ख्याल ऐकला आहे त्यांना हें सर्व ओळखीचें वाटेल. बंदिश दोन ओळींची, आणि तिचा विस्तार पाऊण तासाचा. तथापि एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. आपल्या संगीतांत तंबोऱ्याचा षड्ज आरंभापासून शेवटपर्यंत हलत नाहीं. गवई कितीही हिंडला तरी घर तेंच. जाझमध्यें पायाखालची जमीनच दर एकदोन गटांनीं बदलते, आणि जो सूर एका क्षणीं गोड होता तोच दुसऱ्या क्षणीं बोचूं लागतो. म्हणून जाझवादकाला पुढचा स्वरसमूह कोणता याचें भान सतत ठेवावें लागतें. पुढें सन १९५९ च्या सुमारास माइल्स डेव्हिस यांनीं स्वरसमूह कमी करून एकाच स्वरसप्तकावर बराच वेळ राहण्याची रीत लोकप्रिय केली. तीमुळें ही रीत आपल्या रागाच्या थोडी जवळ आली. जॉन कोल्ट्रेन हे सॅक्सोफोनवादक तर पंडित रविशंकर यांच्या वादनावर इतके लुब्ध झाले कीं त्यांनीं आपल्या मुलाचें नांव रवि ठेवलें.

येथवर रीत झाली. आतां कठीण प्रश्नाकडे वळूं. हे सूर कोणाचे?

हा प्रश्न आपल्याच मुंबईंत, आपल्याच शेजारच्या गोव्यांतून आलेल्या वादकांपुढें उभा राहिला, म्हणून त्यांची हकीकत सांगणें प्राप्त आहे. पोर्तुगीज अमदानींत गोव्यांतील देवळांना जोडून ज्या शाळा होत्या त्यांत मुलांस उपासनेच्या संगीतासाठीं स्वरलेखन वाचावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. गांवोगांवच्या पोरांस कागदावरील पाश्चात्य स्वर वाचतां येऊं लागले तें अशा रीतीनें. (मिशनऱ्यांच्या शाळांनीं पेरलेलें कोठें उगवेल याचा नेम नाहीं हेंच खरें, धर्मगीतासाठीं शिकविलेली विद्या हॉटेलांतील नाचास उपयोगीं पडली.) पोटासाठीं हे लोक मुंबईस येत, आणि धोबीतलाव व आसपासच्या भागांत आपापल्या गांवच्या कूडांत, म्हणजे सामायिक बिऱ्हाडांत, उतरत.

सन १९३५ मध्यें लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचें जाझपथक ताजमहाल हॉटेलांत वाजूं लागलें. त्यांच्यामागून क्रिकेट स्मिथ व टेडी वेदरफोर्ड हेही आले. वेदरफोर्ड तर हिंदुस्थानांतच राहिले व सन १९४५ मध्यें कलकत्त्यास पटकीनें वारले. या मंडळींच्या वादनापासून गोव्याचे वादक जाझ शिकले. कागद वाचतां येत होताच. जें कागदावर नसतें तें त्यांनीं कानांनीं उचललें.

या शिष्यांत सर्वांत गाजले ते हळदोणें गांवचे अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट. त्यांचा ट्रंपेट व त्यांचा घोगरा आवाज ऐकून लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ही मोठी पदवी खरी. परंतु आमच्या मनास ती थोडी टोंचते. ज्याची स्तुति दुसऱ्याच्या नांवानें करावी लागते, त्याच्या स्वतःच्या नांवाचें काय? वरातीच्या बँडला जी हुबेहूबपणाची कसोटी लागते, तीच, अधिक श्रीमंत लोकांकडून, ताजच्या दिवाणखान्यांतही लागत होती. नाचणाऱ्यांस ओळखीचें गाणें हवें होतें. वादकाच्या मनांत स्वतःची चाल असेल, पण तिचे पैसे कोण देणार?

पुढें मुंबई प्रांतांत दारूबंदीचा कायदा सन १९४९ मध्यें झाला व हॉटेलांतील रात्रींचे नाच ओसरले. दारूबंदीविरुद्ध आम्हांस कांहींच म्हणावयाचें नाहीं. परंतु तिच्यामुळें शेंकडों वादकांची रोजी आटली हेंही नमूद केलें पाहिजे. ते सिनेमाकडे वळले. संगीतदिग्दर्शक चाल गुणगुणून दाखवीत, आणि गोव्याचे वादक ती लिहून काढून वीसतीस वाद्यांवर तिची मांडणी करीत. पुणतांब्यास जन्मलेले आपले सी. रामचंद्र यांच्याबरोबर चिक चॉकलेट यांनीं पुष्कळ काम केलें. सन १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटाच्या संगीतांत त्यांचा मोठा हात होता. सेबॅस्टियन डिसूझा यांनीं शंकर-जयकिशन यांच्या असंख्य गाण्यांची मांडणी केली. पडद्यावरील नामावळींत या मांडणीकारांचीं नांवें पुष्कळदां येतच नसत. ज्या गाण्यांवर आपल्या घरांतील वडील मंडळी अजून मान डोलावतात त्यांतील व्हायोलिनांची ओळ कोणाची, हें मान डोलावणाऱ्यास क्वचितच ठाऊक असतें.

या स्थितींतून बाहेर पडण्याचे प्रयत्न झाले. माजोर्डा गांवचे अँथनी गोन्साल्विस यांनीं सन १९५८ मध्यें सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकांत मोठा वाद्यवृंद जमवून, आपल्या रागांवर स्वतः रचलेलें संगीत सादर केलें, आणि त्यांत लता मंगेशकर व मन्ना डे हेही गायले. तें जाझ नव्हतें, म्हणून अधिक सांगत नाहीं. जाझमध्यें स्वतःच्या रचनांचें पंचक उभें करण्याचें श्रेय ज्या गोवेकराकडे जातें ते आमान्सियो डिसिल्वा. मात्र त्यासाठीं त्यांना लंडन गांठावें लागलें.

डिसिल्वा यांचा जन्म सन १९३६ मध्यें मुंबईस झाला. गिटार ते बहुतांशीं आपले आपणच शिकले, आणि जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांचा आश्रय त्यांना लाभला. सन १९६७ मध्यें ते सहकुटुंब इंग्लंडास गेले. तेथें त्या वेळीं हवा अनुकूल होती. एक वर्षापूर्वींच कलकत्त्याचे जॉन मेयर व जमेकाचे जो हॅरियट यांनीं दुहेरी पंचकाचा प्रयोग केला होता. एका बाजूस जाझचे पांच वादक, दुसऱ्या बाजूस सतार, तबला, तंबोरा वगैरेंचे पांच. आणि त्यांत तबल्यावर होते मुंबईचे केशव साठे. साठे यांच्या बोटांखालील बोल व पलीकडचे ड्रम एकाच ध्वनिमुद्रिकेंत ऐकणें हा मौजेचा अनुभव आहे. परंतु त्या प्रयोगांत दोन पंचकें शेजारीं शेजारीं बसलेलीं आहेत असें आम्हांस अनेकदां वाटतें. दोन नद्या एका पात्रांत वाहतात, तरी पाण्याचे रंग वेगळे दिसतात.

डिसिल्वा यांनीं तबला घेतला नाहीं, सतारही घेतली नाहीं. त्यांच्या सन १९६९ च्या 'इंटिग्रेशन' या ध्वनिमुद्रिकेंतील पंचक असें होतें: डॉन रेंडेल सॅक्सोफोनवर, इयान कार ट्रंपेटवर, डेव्ह ग्रीन डबल बासवर, ट्रेव्हर टॉमकिन्स ड्रमवर, आणि पियानोच्या जागीं त्यांची स्वतःची गिटार. चौघे इंग्रज, एक गोवेकर. पियानो नसल्यामुळें खालचे स्वरसमूह विरळ होतात, मेळांत मोकळी जागा राहते, आणि त्या जागेंत गिटारची एकेरी ओळ आपल्या गायकीप्रमाणें लांबवितां येते. रचनांचीं नांवें 'गँजेस', 'जयपूर' अशीं आहेत. नांवावरून संगीत भारतीय ठरत नाहीं, हें आम्ही जाणतों. नांव हा नुसता पत्ता असतो. महत्त्वाची गोष्ट अशी कीं, ज्यांनीं जाझ लहानपणापासून ऐकलें अशा चार इंग्रजांपुढें मुंबईच्या मनुष्यानें आपला कागद ठेवला आणि त्यांनीं तो वाजविला. पंचवीसतीस वर्षांपूर्वीं ताजमध्यें कागद नेहमीं पलीकडून येत असे.

त्याच वर्षीं हॅरियट यांच्याबरोबर त्यांनीं 'हम दोनो' ही ध्वनिमुद्रिका केली; तींत गोव्यावरची एक संथ रचना आहे. सन १९७२ मध्यें 'कोंकण डान्स' ध्वनिमुद्रित झाली, पण ती त्या वेळीं प्रकाशितच झाली नाहीं. तीस वर्षांहून अधिक काळ ती पडून राहिली, आणि सन १९९६ मध्यें डिसिल्वा लंडन येथें वारले तोंपर्यंतही बाहेर आली नव्हती. स्वतःचे सूर वाजविण्याची किंमत ती हीच. हुबेहूब वाजविणाऱ्यास त्याच रात्रीं पैसे मिळतात. स्वतःचें वाजविणाऱ्यास कधीं कधीं मिळतच नाहींत. आम्ही दोघांपैकीं कोणासही कमी लेखीत नाहीं. ज्यानें मुलांच्या तोंडांत घांस घालण्यासाठीं जन्मभर दुसऱ्याचीं गाणीं वाजविलीं, त्याच्या विद्येंत उणें कांहीं नव्हतें.

मायदेशींही हळूहळू दार उघडलें. नेवरा गांवचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनीं सन १९७० मध्यें रागाच्या आधारें स्वतःची रचना ध्वनिमुद्रित केली. सन १९७८ मध्यें निरंजन झवेरी यांच्या खटपटीनें मुंबईंत पहिली जाझ-यात्रा भरली. ती रंगभवनांत, उघड्या आकाशाखालीं झाली, आणि अमेरिकेचे थोर सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स तीसाठीं आले. रंगभवन धोबीतलावासच होतें. गोवेकरांचे कूड व झेवियर्स कॉलेजचा चौक तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. आपले भारतीय वादक त्या यात्रेंत परदेशच्या पाहुण्यांच्या बरोबरीनें उभे राहिले, आणि इतका वेळ नाचणाऱ्यांच्या पायांकडे पाहून वाजविणाऱ्यांना असा मोठा समुदाय लाभला कीं जो खुर्चीवर बसून नुसता ऐकत होता.

ज्या विद्यार्थ्यांना हें संगीत ऐकून पाहावयाचें असेल त्यांनीं पालकांच्या संमतीनें त्यांच्या फोनवर 'जयपूर' किंवा 'गँजेस' लावून पाहावें. पहिल्या खेपेस केवळ डबल बासकडे लक्ष द्यावें, दुसरें कांहीं ऐकूं नये. दुसऱ्या खेपेस मुख्य चाल पाठ करावी, आणि ती पुन्हां केव्हां येते तें बोट वर करून दाखवावें. घरांत दोघेतिघे असल्यास पैज लावण्यास हरकत नाहीं, पैशांची नव्हे. तिसऱ्या खेपेस चार चार मात्रा मोजून दुसऱ्या व चौथ्या मात्रेस टाळी द्यावी. आपल्याला पहिल्या मात्रेवर टाळी देण्याची जन्माची संवय. हात पुन्हां पुन्हां समेवरच जाईल. आमचाही जातो.